कृष्णामाईच्या ओटीत काय घालावे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस आलेला भाविक प्रथम घाटाच्या पायऱ्या उतरतो. कृष्णेच्या पाण्याला हात लावतो, तोच ओला हात डोळ्यांना लावतो आणि मगच औदुंबरातळीच्या मनोहर पादुकांकडे वळतो. हा क्रम कोणाला शिकवावा लागत नाही. आजीचे बोट धरून आलेले मूल तो पाहते आणि पुढे नातवाचे बोट धरून स्वतः तसेच करते. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांनी बारा वर्षे ज्या संगमावर वास्तव्य केले असे परंपरा सांगते, तेथे देव आणि नदी यांना वेगळे करून पाहण्याची आपल्याला सवयच नाही.

पावसाळ्यात तर हा भेद उरतच नाही. पाणी चढू लागते, घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात, आणि मग कृष्णामाई उत्तरद्वाराने मंदिरात येते, पादुकांवरून वाहते व दक्षिणद्वाराने बाहेर पडते. दक्षिणद्वार सोहळ्याचा निरोप कळताच माणसे मिळेल त्या वाहनाने वाडीची वाट धरतात. इतर क्षेत्री भक्त देवाला स्नान घालतो. येथे नदी देवाला स्नान घालते आणि त्या तीर्थाखाली आपण मस्तक धरतो.

ज्या पाण्याने महाराजांच्या पादुकांना स्नान घडते, ते पाणी कोठून, कसे आणि काय घेऊन येते, एवढाच प्रश्न आजच्या चिंतनासाठी घेतला आहे.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडास कोयना तिला मिळते, सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. पंचगंगेविषयी श्रीगुरुचरित्र सांगते की शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी आणि सरस्वती या पाच नद्या एकत्र होऊन ती झाली. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीपासून तिला पंचगंगा हे नाव मिळते आणि वाडीस ती कृष्णेच्या कुशीत शिरते. ही झाली पुराणाची व भूगोलाची वाट. पण त्याच वाटेवर सांगलीत शेरी नाल्याचे पाणी कृष्णेत उतरत आले आहे. कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या बाजूने शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे रंगीत, रासायनिक पाणी पंचगंगेत आले आहे. उन्हाळ्यात पात्र आटले की पाण्यावर केंदाळ पसरते आणि तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच तरंगल्याच्या बातम्या येतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि अनेक संसार उघडे पडले.

हे ऐकून एखादा भाविक म्हणेल, "बुवा, मग हे आम्हांला कशाला सांगता? नाले आमचे नव्हेत, कारखाने आमचे नव्हेत. मूठभर फुलांनी नदी बाटते काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळणे बरे नव्हे. नदीच्या दुखण्यात यात्रेकरूंचा वाटा लहान आहे. मोठा वाटा शहरांचा व उद्योगांचा आहे. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, हे पाहणे शासनाचे, नगरपालिकांचे आणि कारखानदारांचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य त्यांनी करावे म्हणून नागरिक या नात्याने आपण आग्रहही धरला पाहिजे. परंतु घाटाजवळचे उन्हाळी पाणी संथ असते, तेथे आपली मूठभर फुले हजारो मुठींची होतात आणि पायरीलगत कुजत राहतात. फुले कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. स्नानास योग्य पाण्यात हा प्राणवायू दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि कुजणाऱ्या द्रव्यांची प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो पाळला गेला नाही की प्रथम मासे गुदमरतात. आणि दुसरे असे की, नदीला 'माई' म्हणणारे आपण आहोत. कारखान्याच्या कागदपत्रांत ती केवळ जलस्रोत असते. आईची शुश्रूषा कोणी करावी, हे ठरवताना कोणाचा अपराध मोठा याचा हिशेब मुले आधी मांडत नाहीत.

आता निर्माल्याकडे वळू. याविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण घाटावर सर्वांत अधिक वाद याच गोष्टीवरून होतात.

देवाला वाहिलेले फूल उतरले म्हणजे ते निर्माल्य. ते पायदळी येऊ नये हा आपला संस्कार आहे. पुष्पदंत नावाच्या गंधर्वाची कथा आपण ऐकली असेल. राजाच्या बागेतील फुले तो अदृश्य रूपाने चोरून नेई. शिवाचे निर्माल्य वाटेवर पसरून ठेवले गेले, त्यावर नकळत त्याचा पाय पडला आणि त्याची सिद्धी गेली. पुढे त्याने शिवाची स्तुती केली, ती शिवमहिम्न स्तोत्र म्हणून प्रसिद्ध आहे. ही कथा घरोघर सांगितली गेली आणि निर्माल्याचा धाक मनात बसला. अंगणात टाकावे तर कोणाचा तरी पाय पडेल. उकिरड्यावर टाकणे तर पापच. उरली नदी. नदीत कोणाचा पाय पडत नाही, असे आपण मानले.

एके काळी, मान्य आहे, त्यात विशेष हानी नव्हती. झेंडूची चार फुले, बेलाची पाने, दूर्वांची जुडी, सारे दोन दिवसांत विरून जाई. आज त्याच परडीत प्लास्टिकची पिशवी असते, उदबत्तीचे चकचकीत वेष्टन असते, हारातील नायलॉनचा दोरा असतो, जरीच्या कागदाची फुले असतात. नदीत ते विरत नाही. वाहून खालच्या गावाच्या बंधाऱ्याला अडकते.

पूर्वी मीही घाटावर भाविकांना पिशव्या टाकताना पाहून आवाज चढवत असे. माणसे ओशाळत, पिशवी पाठीशी धरून निघून जात. नंतर कळले की ती पिशवी माघारी जात नसे. थोडे पुढे, जेथे कोणी पाहत नाही अशा ठिकाणी, ती गाठीसकट पाण्यात पडे. माझ्या बोलण्याने नदीचा काही लाभ झाला नाही आणि त्या माणसाची यात्रा मात्र कडू झाली.

मग कार्तिकातल्या एका पहाटे एक वृद्ध माउली दोन भरलेल्या पिशव्या घेऊन पायऱ्या उतरताना दिसली. या वेळी मी काही न बोलता शेजारी जाऊन बसलो. विचारले, "आजी, एवढे ओझे कोठून आणलेत?" म्हणाली, "आमच्या घरचं हाय, आनि शेजारच्या तिघींचं बी. वर्साचं साठलंय. पायाखाली येऊ नये म्हनून आनलंया." दोन एस.टी. बदलून, गुडघे दुखत असताना, तिने चार घरांचे निर्माल्य वाहून आणले होते. यात निष्काळजीपणा कोठे होता? यात केवळ आदर होता. ज्याला मी इतकी वर्षे अनास्था समजत होतो, ती आस्थाच होती. तिला जागा तेवढी चुकीची सापडली होती.

आम्ही पिशव्या पायरीवर मोकळ्या केल्या. सुकलेले हार, कापसाची वस्त्रे, उदबत्तीच्या काड्या, फुटकी तसबीर, कापराच्या रिकाम्या डब्या. मी दोरे आणि प्लास्टिक वेगळे करू लागलो, तीही करू लागली. मी म्हटले, "हे नदीत घालण्याऐवजी मातीत घातले तर?" ती थांबली. म्हणाली, "मातीत तर समदेच पाय देत्यात, बुवा." याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. पुराणातले दाखले आठवत मी बसलो असताना तीच थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या परड्यात उंबर हाय. त्येच्या बुडाला कोन पाय देत न्हाई." उंबरातळी दत्ताचा वास, म्हणून गावात तेथे चप्पल घालून कोणी जात नाही. तिच्या सगळ्या शंकेचे उत्तर तिच्याच परड्यात उभे होते. उठताना तिने रिकाम्या पिशव्या झटकून घड्या घालून घेतल्या. पिशव्या चांगल्या होत्या, त्या कशाला टाकायच्या, असे तिचे म्हणणे.

त्या दिवसापासून मी घाटावर आधी विचारतो आणि मग बोलतो. शास्त्राचा आधारही त्या माउलीच्याच बाजूचा आहे. गंगेच्या पात्रात वर्ज्य असलेल्या तेरा कर्मांची एक यादी ब्रह्मांडपुराणाच्या नावाने परंपरेत सांगितली जाते. तिच्यात शौच व अंगाचा मळ घासणे आहे, तसेच निर्माल्य टाकणे आहे आणि अंगावरचे वस्त्र टाकून देणेही आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी किंवा अपवित्र वस्तू टाकू नये असे सांगितले आहे. तैत्तिरीय आरण्यकातही पाण्याविषयी अशीच व्रते आहेत. पीडा जावी म्हणून स्नानानंतर जुने कपडे नदीत सोडण्याची जी चाल पडली आहे, तिला मला तरी कोठे आधार सापडला नाही. उलट निषेधच सापडला. धड वस्त्र असेल तर धुऊन गरजवंतास द्यावे.

या क्षेत्राशी निगडित असलेली एक कथा येथे आठवते. श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात ती आहे. अमरापुरात एक वेदाभ्यासी दरिद्री ब्राह्मण राहत होता. भिक्षेवर संसार चालवी. ज्या दिवशी भिक्षा पुरेशी मिळत नसे, त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगा शिजवून घरची माणसे भूक भागवीत. एके दिवशी श्रीगुरू भिक्षेस आले. घरात दुसरे काही नव्हते, म्हणून त्या दांपत्याने घेवड्याचीच भाजी भक्तीने वाढली. श्रीगुरू तृप्त झाले, आशीर्वाद दिला, आणि जाता जाता तो वेल उपटून टाकून गेले. घरची स्त्री आक्रोश करू लागली. तोंडचा घासच गेला, तेव्हा तिचे रडणे स्वाभाविक होते. पतीने तिची समजूत घातली आणि उरलेली मुळे काढण्यासाठी जमीन खणली, तो द्रव्याने भरलेला कुंभ हाती लागला.

पर्यावरणाच्या प्रवचनात वेल उपटल्याची कथा कशी, असे कोणी विनोदाने विचारील. विचारावे. ही कथा मला वेलापेक्षा त्या स्त्रीच्या रडण्यासाठी महत्त्वाची वाटते. जुनी सवय ही आपल्या दारचा घेवडा असते. तिने आपल्याला अनेक वर्षे आधार दिलेला असतो. आईने नदीत फुले सोडली, आजीने सोडली. ती रीत कोणी एकाएकी उपटू लागला तर मनाला लागणारच. म्हणून ज्याला दुसऱ्याची सवय बदलायची आहे, त्याने प्रथम त्या माणसाची समजूत काढली पाहिजे, आणि श्रीगुरूंनी जसे आधी त्याच्या घरची भाजी गोड मानून खाल्ली, तसा त्याच्या श्रद्धेचा आदर केला पाहिजे. भाजी न खाता वेल उपटणारे सुधारक आपण पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या मागे जमीन कोणी खणत नाही.

आदर राखून रीत पालटता येते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर विसर्जनाच्या वेळी गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची चळवळ सुरू झाली, तेव्हा तिला विरोध झाला, धर्म बुडाल्याची भाषाही झाली. पण आरती, नैवेद्य, निरोप हे सारे घाटावर यथासांग होऊ लागले आणि मूर्ती पाण्यात न टाकता स्वयंसेवकांच्या हाती दिली जाऊ लागली, तसतसे कुटुंबामागून कुटुंब त्यात सामील झाले. आज या भागातील कित्येक घरी मृताची रक्षाही नदीत न सोडता शेतात घालून तेथे झाड लावतात. श्राद्धविधीसारख्या हळव्या प्रसंगी माणसे हे करू शकतात, तर निर्माल्याचे ते काय!

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ही कला उत्तम जाणली होती. गावात आले की दिवसभर हातात खराटा आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढीत. खराट्याने आधी झाडलेल्या अंगणात बसून ऐकलेला उपदेश लोकांना जड वाटत नसे.

ज्या औदुंबराखाली आपण प्रदक्षिणा घालता, त्याचेही दोन शब्द. हिरण्यकशिपूच्या वधानंतर नरसिंहाच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांनी शमला, ही कथा गुरुचरित्रात आहे. वनस्पतिशास्त्र या झाडाविषयी जे सांगते, तेही कमी अद्भुत नाही. उंबराचे फूल दिसत नाही, कारण फुले फळाच्या पोटातच असतात. ज्या केंबरांना पाहून आपण नाक मुरडतो, त्या जातीच्या इवल्याशा कीटकांवाचून त्यांचे परागीकरण होत नाही. उन्हाळ्यात अन्य झाडे रिकामी असताना उंबर पाखरांना आणि वटवाघळांना फळे देतो. नदीकाठची माती त्याच्या मुळांनी धरून ठेवली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी या काठी अनुभवले, त्यांना काठची माती धरून राहण्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

गावी परतल्यावर हा विषय आपल्या भजनी मंडळात, पारायणाच्या सप्ताहात, हळदीकुंकवाच्या बैठकीत काढावा. व्याख्यान देऊ नये. घरातल्या निर्माल्यातून दोरा, वेष्टन, प्लास्टिक वेगळे काढून उरलेले झाडाच्या आळ्यात किंवा झाकलेल्या खड्ड्यात कसे घालता, ते दाखवावे. जीर्ण तसबिरीची काच व चौकट काढून चित्राचा कागद स्वच्छ पाण्यात भिजवून विरू द्यावा आणि ते पाणी तुळशीस किंवा झाडास घालावे. सप्ताहाच्या समाराधनेस पळसाच्या पत्रावळी वापराव्यात. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. तरीही ती पंगतीत दिसतात, म्हणून लिहिले. घाटावर साबण लावून अंग किंवा कपडे धुऊ नयेत. दिवा लावायचा तर पायरीवर लावून हात जोडावेत. पाण्यात सोडायचाच झाला तर पानाचा द्रोण घ्यावा.

देणगीदारांसाठी एक विनंती आहे. आप्तांच्या स्मरणार्थ फरशी, घंटा, बाक देण्याची प्रथा चांगलीच आहे. तिच्या जोडीला निर्माल्याचे खत करण्याची सोय, स्वच्छतागृहांची देखभाल, घाट झाडणाऱ्या सेवेकऱ्यांचे वेतन यांसाठीही दान द्यावे. या कामांवर नाव कोरता येत नाही, हे मान्य. औदुंबराचे रोप देणाऱ्याने त्याला तीन उन्हाळे पाणी घालण्याची व्यवस्थाही त्यासोबत द्यावी. रोपे लावण्याचे समारंभ पुष्कळ होतात आणि वैशाखात त्यांची कुंपणे तेवढी उभी असतात.

गुरू कन्या राशीत येतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी आपली श्रद्धा आहे. मागील कन्यागत महापर्व २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. बारा वर्षांच्या गणतीने पुढील पर्व २०२८ साली येते. घरी पाहुणी यायची म्हटली की आपण अंगण सारवतो, न्हाणी घासतो, पाण्याचे हंडे विसळून भरतो. धाकटी बहीण थोरलीस कोणत्या पाण्यात भेटेल, याची तयारी पर्वाच्या आदल्या दिवशी करता येणार नाही. ती आजच्या पिशवीपासून करावी लागेल.

तेव्हा आज दर्शनास जाताना आपल्या हातात घरचे निर्माल्य असेल तर ते पाण्याजवळ नेण्याआधी पायरीवर क्षणभर बसून मोकळे करावे. फुले आणि पाने सेवेकऱ्याच्या हाती द्यावीत. कृष्णामाईच्या पाण्याला हात लावावा, डोळ्यांस लावावा. पिशवी झटकून, घडी घालून, आपली आपण परत न्यावी.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥